नाव माहीत नसलेल्या वस्तूंचं दुकान

आत्याला दुकानात बसवलं ते चार दिवसांसाठी. त्याला आता बत्तीस वर्षं झाली. तेव्हा ती एका शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. वडिलांची कंबर धरली, थोरला भाऊ मालाच्या खरेदीला परगावी गेलेला, म्हणून तिने रजेचा अर्ज स्वतःच टाइप केला, स्वतःच मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि दुकानातल्या स्टुलावर येऊन बसली. ती रजा अजून संपलेली नाही. शाळेनेही कधी विचारपूस केली नाही, कारण विचारपुशीची पत्रं टाइप करणारीच रजेवर होती.

लग्नाची स्थळं आली नाहीत असं नाही. पण ती बहुतेक संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान आली, आणि ती गिऱ्हाइकांची वेळ. एकदा पाहायला आलेल्या मुलाच्या आईने बोलता बोलता घरचा मिक्सर खालून गळतो असं सांगितलं, तेव्हा आत्याने तिला तिथल्या तिथे रबरी रिंग काढून दिली. लग्न जमलं नाही. रिंग मात्र बसली. ती बाई पुढे वीस वर्षं रिंगा न्यायला येत राहिली आणि जाता जाता मुलाच्या तऱ्हा सांगत राहिली. त्या ऐकून आत्याला आपलं फार काही चुकलं असं कधी वाटलं नाही.

दुकान आठ फूट रुंद आणि बोगद्यासारखं लांब. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खण, आणि खणांत कुकरच्या रिंगा, नळाचे वायसर, थर्मासची बुचं, प्रवासी बॅगांची चाकं, फ्लशच्या टाकीतले फुगे, शिलाई मशीनची रबरं. म्हणजे घरातली अशी प्रत्येक वस्तू, जी मोडेपर्यंत आपल्याकडे आहे हे कोणाला ठाऊक नसतं आणि मोडल्यावर तिला काय म्हणतात हे कोणाला सांगता येत नाही.

म्हणून वडिलांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता: गिऱ्हाइकाला वस्तूचं नाव विचारायचं नाही. नाव माहीत असतं तर तो तोंड एवढंसं करून आला असता का? विचारायचं एवढंच, की काय होतंय. मग तो सांगतो. डॉक्टरही हेच विचारतात. फरक एवढाच, की डॉक्टर शेवटी एक लांबलचक नाव सांगून घाबरवतात, आणि आत्या नाव न सांगता रबर काढून द्यायची.

दुसरा नियम जरा विचित्र होता. गिऱ्हाइकाचा मोडका भाग ठेवून घ्यायचा आणि त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गिऱ्हाईक जे बोललं ते, त्याच्याच शब्दांत. यामागे काव्य नव्हतं, सोय होती. पाचसहा वर्षांनी तोच भाग पुन्हा झिजतो, तोच माणूस पुन्हा येतो आणि नेमकं तेच वाक्य बोलतो. “माणूस घर बदलेल, चाल बदलेल, पण गाऱ्हाण्याचं वाक्य बदलत नाही,” असं वडील म्हणायचे. वाक्य कानावर पडलं की चिठ्ठी आठवते, चिठ्ठीला भाग लटकलेला असतो, आणि भागावरून खण सापडतो. असे चिठ्ठ्यांनी भरलेले अकरा पत्र्याचे डबे मागच्या फळीवर होते. ‘नळ बंद केला तरी म्हणतो, आलोच.’ ‘कुकर शिट्टी देत नाही, नुसते सुस्कारे टाकतो.’ ‘बॅग डावीकडे ओढते, मी उजवीकडे, स्टेशन राहतं मधे.’ ‘फ्लश दाबला की शेजाऱ्यांना कळतं.’ घरात या डब्यांना आत्याचं समग्र वाङ्मय म्हणत. आत्याला ते टोचायचं नाही. आपल्या वाङ्मयाचा रोज उपयोग होतो असं थोड्याच जणांना म्हणता येतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना रस्त्याला मोठे पाइप घालायचं ठरलं आणि दुकानासमोर एक चर खणण्यात आला. कंत्राटदाराने पाटी लावली, ‘काम तीन आठवडे’. पुढे त्याच पाटीवर तारीख दोनदा रंगवली गेली आणि तिसऱ्यांदा नुसताच पांढरा रंग दिला गेला. चरावर एक फळी टाकलेली होती. तरुण माणसं तिच्यावरून टुणकन येत, पण तरुणांच्या घरी अजून काही झिजलेलं नसतं. ज्यांचे नळ गळायचे त्यांचे गुडघेही दुखायचे. ती मंडळी पलीकडच्या कडेला उभी राहून हात हलवायची आणि परत जायची.

दादा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ आणि दुकानाचा मालक, कमी बोलणारा माणूस. त्याने दोन महिने चर पाहिला आणि तिसऱ्या महिन्यात मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका गृहस्थाला दुकानात आणलं. या कव्हरवाल्याची तीन दुकानं होती आणि चौथं त्याला हवं होतं. तो फळीवरून टुणकन आला, खणांकडे बघून म्हणाला, “हे सगळं काढलं की जागा मोठी दिसेल.” आत्याने नुसता त्याच्या चपलेचा तुटका अंगठा बघून ठेवला.

बोलणी घरी, जेवताना झाली.

“तू आता आराम कर,” दादा म्हणाला.

“कसला?”

“कसला म्हणजे? घरी बसायचं. खिडकीत हवा येते चांगली.”

“म्हणजे खिडकीत बसून लोकांचे नळ ऐकायचे आणि उठायचं नाही,” आत्या म्हणाली. “त्यापेक्षा तुरुंग बरा. तिथे निदान काम देतात.”

बारकी मधे पडली. बारकी ही दादाची मुलगी. तिशी उलटली तरी नाव तेच राहिलं होतं. ती आधी एका कंपनीत कसले तरी तक्ते करायची, आणि सहा महिन्यांपूर्वी ते सोडून तिने दुकानाचं ऑनलाइन दुकान काढलं होतं. त्यावर आठवड्याला चार ऑर्डरी यायच्या. पैकी एक तिच्या मैत्रिणीची, आणि ती दयेपोटी. तेवढी पार्सलं पिशवीत घालून, बस धरून, बारकी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कुरियरच्या गोदामात नेऊन द्यायची.

“बाबा, मला तीन महिने द्या,” ती म्हणाली. “ऑनलाइन चाललं की चर असो नाहीतर समुद्र असो.”

“आणि तू जन्मभर पिशव्या वाहायच्या?” दादा म्हणाला. “मुलीला शिकवलं ते हमालीला?”

“आठवडाभर रोज वीस पार्सलं झाली की कुरियरवाला दारात येतो. नियमच आहे त्यांचा.”

दादा पाणी प्यायला. “दारात आला तर दुकान आपलं. नाही आला तर तीन महिन्यांनी शटर कव्हरवाल्याचं.” आणि तो हात धुवायला उठला. दादाचं हे त्या वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या काउंटरवर बसून म्हणाली, “बारके, तुझ्या त्या दुकानातनं मला एक वायसर घ्यायचाय.”

“मागे खणात आहे ना.”

“खणातला नको. त्यातनं घ्यायचाय.”

बारकीने लॅपटॉप पुढे केला. आत्याने चष्मा लावला आणि बोटं जागेवर ठेवली. टायपिस्टची बोटं बत्तीस वर्षांनीही घर विसरत नाहीत. शोधायच्या चौकटीत तिने लिहिलं: नळ गळतो. पडद्याने उत्तर दिलं: ‘आपल्या शोधाशी जुळणारे काहीही आढळले नाही.’

“आपल्याकडे नळाचे एकशे बारा तऱ्हेचे वायसर आहेत ना?”

“आहेत गं. पण तिथे ‘सीलिंग रिंग, साडेबारा मिलिमीटर, नायट्राइल’ असं टाकायला पाहिजे.”

“कोणी टाकायला पाहिजे?”

“ज्याला वायसर पाहिजे त्याने.”

“ज्याला एवढं माहीत आहे तो कारखान्यात कामाला असेल. त्याचा नळ गळत नसेल.”

बारकीने तिला यादीतून वायसर काढून दिला. आत्याने तो पडद्यावरच्या टोपलीत टाकला. टोपलीने आधी खातं उघडायला सांगितलं, खात्याने पासवर्ड मागितला, पासवर्डमध्ये एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे म्हणालं, आणि ते सगळं दिल्यावर जन्मतारीख विचारली.

“वायसरला जन्मतारीख कशाला?”

“वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायच्या असतात.”

“ज्याच्या मोरीत गुडघाभर पाणी आहे त्याला?” आत्याने तारीख भरली. वरच्या बाजूला चित्रांची एक पट्टी सारखी डावीकडे पळत होती. “आणि ही चित्रं कुठे चाललीत?”

“लक्ष वेधायला लावलीत.”

“माझं वेधलं. म्हणून बटण दाबायचं राहिलं.”

चाळीस मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली: ‘तुमची टोपली रिकामी आहे.’ आत्याने चष्मा काढून पुसला. “मी या दुकानात बत्तीस वर्षं बसतेय,” ती म्हणाली, “आणि मला एक वायसर मिळत नाही. परक्याला कुठून मिळणार?”

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. कंपन्यांच्या पुस्तकांतून अकराशे चाळीस नावं तिने एकटीने उतरवून काढली होती. “चार महिने टाइप केलंय मी ते,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मीपण टायपिस्ट होते. चूक नसलेलं पत्रसुद्धा चुकीच्या पत्त्यावर जातं.” आत्याने तिच्या पाठीवर थाप मारली. “इंटरनेटवर कोणी नुसतं ‘नळ गळतो’ विचारलं, तर आपण दिसतो कुठे?”

बारकीने शोधून दाखवलं. आपलं दुकान सतराव्या पानावर होतं.

“सतराव्या पानावर कोण जातं?”

“कोणीच नाही. मी जाते रोज. बघायला.”

आत्या स्टुलावरून उतरली, मागच्या फळीवरून एक डबा काढला आणि काउंटरवर पालथा केला. वायसर, बुचं, चाकं आणि चिठ्ठ्या सगळीकडे पसरल्या. “लोक काय लिहितील ते बघत बसण्यापेक्षा, लोक काय बोलले ते बघ,” ती म्हणाली. बारकीने एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, दहावी वाचली. मग तिने लॅपटॉप जवळ ओढला. काही वेळाने म्हणाली, “आत्या, कंपन्या याच्यासाठी माणसं ठेवतात गं. गिऱ्हाईक कुठल्या शब्दांनी शोधतं ते काढायला.”

“मग आपण बत्तीस वर्षं काय रिकामे बसलो होतो का,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघींनी दुकान उलटं करायला घेतलं. वस्तूला पान देण्याऐवजी गाऱ्हाण्याला पान दिलं. वर मथळा, जसा गिऱ्हाइकाच्या तोंडात असतो तसा. त्याखाली तो भाग कुठे बसतो त्याचं चित्र, मग कसा काढायचा आणि कसा लावायचा ते चार ओळींत. कंपनीचं लांबलचक नाव अगदी तळाशी, ज्याला हौस असेल त्याच्यासाठी. शेवटी तशीच दुसरी दोनचार गाऱ्हाणी, कारण नळ गळणारा माणूस अनेकदा पंधरा दिवसांनी टाकीचंही बोलतो. पळती पट्टी काढून टाकली, आणि मोठाले फोटो लहान केले, तेव्हा जी पानं उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा ती टिचकीसरशी उघडायला लागली. खातं, पासवर्ड आणि जन्मतारीख गेली. नाव, पत्ता आणि फोन उरला.

मापाची भानगड वेगळी होती. पांढऱ्या कागदावर काढलेल्या फोटोत टाकीची रिंग आणि नळाची रिंग सारखीच गोल दिसायची. एका गिऱ्हाइकाने कुकरसाठी मागवलेली रिंग त्याच्या अंगठ्यातही गेली नव्हती. आत्याने उपाय काढला. प्रत्येक भाग तळहातावर धरायचा आणि फोटो काढायचा. तळहात केवढा असतो ते सगळ्यांना कळतं. अकराशे चाळीस वेळा तिने हात पुढे केला. पहिल्या दिवशी बारकी म्हणाली, “आत्या, नखं काप गं.” दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःहून हाताला मलम लावून आली. आता आपला हात जगभर दिसणार, तेव्हा जरा घरंदाज दिसायला हवा, असं तिला वाटलं असावं.

सगळं झालं तेव्हा त्यांनी टेलरमामींना बोलावलं. मामी म्हणजे समोरच्या टेलरची बायको. अर्धी शिलाई त्या करायच्या, आणि बोलणं सगळं त्याच करायच्या. त्यांना स्टुलावर बसवून बारकी म्हणाली, “मामी, कुकरची रिंग घ्या. आम्ही काही सांगणार नाही. नुसतं बघणार.” न सांगता नुसतं बघणं हे आत्याच्या हातून आयुष्यात प्रथमच होत होतं. तिने तोंडात पेन धरलं. मामींनी रिंग शोधली, सापडली, आणि मग त्या पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसल्या.

“पुढे?” बारकीला राहवेना.

“पुढे काय? बंद आहे दुकान.”

“कुठे बंद आहे?”

“हे काय, ‘मागवा’ लिहिलंय ते राखाडी आहे. राखाडी म्हणजे बंद. आमच्या लिफ्टचं बटणही तसंच दिसतं.”

आत्याने तोंडातलं पेन काढलं आणि लिहून घेतलं. बटण हिरवं झालं. मामींनी आणखी विचारलं, की हे सगळं ठीक, पण शंका आली तर विचारायचं कोणाला. तेव्हा आत्याचा फोन नंबर पानाच्या माथ्यावर चढला.

यानंतर जी चूक झाली ती फक्त याच घरात होऊ शकली असती. चिठ्ठ्या अक्षरशः उतरवायच्या, हा वडिलांच्या वेळचा शिरस्ता. तो बारकीने पाळला, आणि गाऱ्हाण्याला जी माणसं चिकटलेली होती तीही पानांवर गेली. एका सकाळी टेलरमामी फळीवरून अशा आल्या, की फळी दोनदा वाजली.

“कोणी लावलं हे?” त्यांनी मोबाइल आत्याच्या नाकासमोर धरला. पानाचा मथळा होता: ‘मशीनला तेल दिलं तरी कुरकुर, नवऱ्याला जेवण दिलं तरी कुरकुर.’ खाली शिलाई मशीनचं रबर, आत्याच्या तळहातावर.

“नाव कुठे आहे मामी तुमचं?” बारकी चाचरत म्हणाली.

“नाव कशाला पाहिजे? अकरा वर्षं सगळ्या गल्लीला ऐकवतेय मी हे. आमच्याकडे पँट आखूड करायला आलेल्या माणसाने वाचून दाखवलं. यांच्या समोर. यांनी टेप गळ्यात तसाच ठेवून दुपारचं जेवण नको म्हटलं.”

आत्याने हात जोडले. “चुकलं, मामी. आमच्या डब्यातली गोष्ट डब्यात राहायला हवी होती. बारके, काढ ते पान.”

बारकीने पान काढायला घेतलं आणि थांबली. “आत्या, हे पान आठवड्यात चारशे जणांनी बघितलंय. आपल्याकडे सगळ्यात जास्त. आणि या रबराच्या नऊ ऑर्डरी आहेत. एका बाईंनी लिहिलंय, ‘हे माझंच घर आहे, तुम्हाला कसं कळलं?’”

मामी स्टुलावर बसल्या. “चारशे?”

“चारशे बारा.”

मामींनी पदराने वारा घेतला. “आणि त्या बाईचा नवरा काय म्हणतो?”

“ते नाही लिहिलं.”

“कुरकुर करत असणार.” त्यांनी मथळा पुन्हा एकदा वाचला. “बरं, राहू दे. पण ‘गरम जेवण’ लिही. गरम देते मी.”

टेलर दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन म्हणाला, की तेल कुठलं ते नीट लिहा, कारण हलक्या तेलाने रबर फुगतं. ती ओळ पानात घातली. बाकीच्या चिठ्ठ्या मात्र दोघींनी आठवडाभर बसून निवडल्या. सासरे, जावई, शेजारी, वरच्या मजल्यावरचे, सगळे वगळले आणि नुसता नळ उरू दिला. ज्यांची वाक्यं फारच चांगली होती त्यांना आत्याने फोन करून विचारलं. चौदा जणांनी आनंदाने परवानगी दिली, आणि त्यांतल्या सहांनी जुनं वाक्य फेटाळून नवीन, जास्त धारदार करून दिलं.

ऑर्डरी वाढू लागल्या. आठवड्याला चारच्या दिवसाला चार, मग सात, मग अकरा. एका दुपारी बारकीने ‘नळ बंद केला तरी गळतो’ असं शोधून मोबाइल आत्यापुढे धरला.

“पहिल्या पानावर?” आत्याने विचारलं.

“पहिल्या ओळीत.”

आत्याने झाडू घेतला आणि भर दुपारी सगळं दुकान झाडून काढलं. तिला आनंद झाला की ती झाडायची. तिच्याकडून दुसरा पुरावा मिळत नसे.

फोनही वाजू लागला. लोक गाऱ्हाणं सांगायचे आणि आत्या म्हणायची, “फोन नळापाशी न्या. आता बंद करा. परत सोडा. हं.” ती डोळे मिटून थेंब ऐकायची. दोन थेंबांतल्या अंतरावरून तिला वायसर झिजलाय की नळाचीच चकती खराब झालीय ते कळायचं. जे नळ खिडकीत बसून नुसते ऐकायची शिक्षा तिला होणार होती, ते आता चारशे मैलांवरून तिच्या कानाशी येत होते, आणि ती त्यांना उठून उत्तर देऊ शकत होती.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा आठवडा आला. कुरियरवाल्यांनी सांगितलं होतं, की सलग सात दिवस, रोज दुपारी बारापर्यंत वीस. सहा दिवस झाले, कधी एकवीस, कधी पंचवीस. सातव्या दिवशी अकरा वाजता सतरा झाली होती. दादा येऊन मागे खुर्चीवर बसला. त्याने पेपर उघडला, पण पान उलटलं नाही. कव्हरवाला बाराला येणार होता, कारण तारीख तीच ठरलेली होती.

सव्वाअकराला एक मोठी ऑर्डर आली, एका वसतिगृहाची. साठ वायसर.

“आत्या,” बारकी हळूच म्हणाली, “साठ आहेत. वीसवीसची तीन पार्सलं करते. झाली वीस.”

“किती ठिकाणी जायचीत?”

“एकाच.”

“मग एकच.”

“कोण बघणार आहे?”

“मी बघतेय,” आत्या म्हणाली. मागे पेपर जरासा सळसळला.

अठरा झाली. साडेअकराला एक थर्मासचं बूच आलं, एकोणीस. मग काहीच नाही. बारा वाजायला बारा मिनिटं असताना फोन वाजला. एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या फ्लशची टाकी दिवसरात्र वाहत होती. पण त्याआधी टाकी कोणी बसवली, तो प्लंबर आता कुठे असतो, आणि त्याच्या भावाने काय केलं, हे सांगणं त्यांना आवश्यक वाटलं. बारकी घड्याळाकडे बोट दाखवत होती. आत्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

“हं,” ती म्हणत होती, “हं. मग भाऊ परत आला का? नाही ना. बरं, आता टाकीचं झाकण काढा.” तिने पाणी ऐकलं. “आत एक दांडी आहे, टोकाला फुगा? फुगा वरच्या बाजूला टेकतोय का? मग दांडी हाताने खाली वाकवा. जरा अजून.”

पलीकडचा पाण्याचा आवाज बंद पडला.

“थांबलं हो,” म्हातारे म्हणाले. “काय पाठवताय मग?”

“काही नाही. काही मोडलेलंच नाही तुमचं.”

बारकीने कपाळ काउंटरवर टेकवलं. बाराला पाच मिनिटं कमी होती. दादाने पेपर खाली घेतला आणि बहिणीकडे बघितलं.

“काही नाही म्हणजे,” फोनवरचे म्हातारे म्हणाले, “वर्षभर तीन माणसं येऊन गेली, प्रत्येकाने काही ना काही विकलं. तुम्ही तर विकतही नाही. ऐका हो, आमच्या हिचा कुकर आहे. सांगू का?”

“सांगा की,” आत्या म्हणाली. “सावकाश सांगा.”

“सावकाश नको,” बारकी काउंटरमध्ये तोंड घालून पुटपुटली.

पण कुकरची गोष्ट छोटी निघाली. वाफ बाजूने जायची, एवढंच. रिंग मोठ्या मापाची हवी होती. बारकीने पत्ता लिहून घेतला, ऑर्डर नोंदवली, आणि पडद्यावर वीस उमटले तेव्हा बाराला दोन मिनिटं होती. तिने आत्याला मिठी मारली. आत्या म्हणाली, “अगं, पॅक कोण करणार ते?” आणि झाडू शोधू लागली.

एक वाजता कुरियरची गाडी चराच्या पलीकडे येऊन उभी राहिली. गाडीवाला जाडजूड होता. त्याने फळी बघितली, स्वतःकडे बघितलं आणि जागेवरून हाक मारली, “इथपर्यंत आणा.”

फळीवरून वीस पार्सलं नेणं एकटीचं काम नव्हतं. टेलर कात्री ठेवून बाहेर आला, मामी आल्या, चरात पाइप लावणारे दोन मजूर उभे राहिले, आणि हातोहात साखळी झाली. कव्हरवालाही तासभर उशिराने, नेमका तेव्हाच पोचला होता. हातात मोजपट्टी, शटर मोजायला. तो फळीच्या तोंडाशी उभा होता, म्हणून मामींनी त्याच्या हातात पार्सल ठेवलं. “पुढे द्या, बघताय काय?” त्याने दिलं. दुसरं आलं, तेही दिलं. सातव्या पार्सलाला त्याने मोजपट्टी खिशात टाकली, कारण तिने हात अडकत होता. वसतिगृहाचा डबा जड होता. तो एका मजुराने डोक्यावरून पलीकडे पोचवला आणि वर विचारलं, “यात काय आहे?”

“साठ खोल्यांतली झोप,” टेलर म्हणाला. मामींनी त्याच्याकडे चमकून बघितलं. अकरा वर्षांत त्याने कुरकुरीशिवाय काढलेलं हे पहिलं वाक्य असावं.

वीस पार्सलं गाडीत गेली. कव्हरवाला हात झटकत दादापाशी आला. “काका, आपलं ते शटरचं?”

दादाने दुकानाच्या आत बघितलं. खणांसमोर, काउंटरवर, स्टुलाखाली, सगळीकडे खोकी आणि चिकटपट्टीची भेंडोळी पडली होती. “जागा कुठे आहे हो,” तो म्हणाला. “बघताय ना तुम्हीच.”

गाडीवाल्याने मागचं दार लावलं आणि चराच्या पलीकडून ओरडून विचारलं, “उद्या किती वाजता येऊ?”

आत्याने दादाकडे बघितलं. दादाने घसा साफ केला.

“दुपारीच ये,” त्याने हाक दिली. “सकाळी हिला फोन असतात.”